तुझ्याकडे दोन सूत

बावीस वर्षं आम्ही दोघं लोकांच्या भिंतींना फरश्या लावतोय, पण कामावर डावं-उजवं हे शब्द आमच्या तोंडी कधी आले नाहीत. मिस्त्री म्हणायचे 'माझ्याकडे' नाहीतर 'तुझ्याकडे'. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणतं, म्हणून मीही म्हणते, घरातसुद्धा. ते भिंतीशी उभे असायचे आणि मी त्यांच्या उजव्या अंगाला, घमेल्यापाशी, उपड्या बादलीवर बसलेली. त्यामुळे डावी बाजू ती 'माझ्याकडे' आणि उजवी ती 'तुझ्याकडे'. 'तुझ्याकडे जरा दाबायला हवी', 'माझ्याकडे खाली आलीय', 'तुझ्याकडची अर्धी कापून दे'. घर कुठलंही असो, दार कुठेही असो, आमचं हे ठरलेलं. एका घरमालकाने एकदा विचारलं होतं, 'तुमच्यात भांडण झालं की भिंत कुणाकडे जाते?' मिस्त्री म्हणाले, 'भांडण झालं की सरळच येते. कुणी कुणाशी बोलत नाही ना.'

मला लोक मिस्त्रीणबाई म्हणतात. मास्तरीण म्हटलं की ती मास्तरांची बायको असेल किंवा स्वतः शिकवणारी असेल. डॉक्टरीणबाईंचंही तसंच. मिस्त्रीण मात्र नुसती बायको. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, वाटायला वेळ कुठे होता? सकाळी भिंतीशी उभं राहून मिस्त्री म्हणायचे, 'कालव,' आणि माझा दिवस सुरू व्हायचा. कालवायचं, कापून द्यायचं, पुसायचं, सांधे भरायचे, आणि घरी गेलं की स्वयंपाक आहेच वाट बघत. रात्री पाठ टेकली की मिस्त्री विचारायचे, 'दमलीस का गं?' आणि उत्तर ऐकायच्या आत घोरायला लागायचे.

मागच्या वर्षी मिस्त्रींचा उजवा खांदा गेला. पडले नाहीत, आपटले नाहीत. तीस वर्षं हात वर करून करून आतली दोरी झिजली आणि एक दिवस तुटली, असं डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून सांगितलं. हात छातीपर्यंत येतो, त्याच्यावर येत नाही. 'वरची कामं आता विसरा,' डॉक्टर म्हणाले. मिस्त्रींनी ते 'सध्या विसरा' असं ऐकलं. अकरा महिने झाले, कुणी विचारलं की सांगतात, 'दोनेक महिन्यांत होईल.' ते दोन महिने काही संपत नाहीत. मी घरात कितीदा म्हटलं, अहो, एकदा तोंडाने म्हणा की आता व्हायचं नाही, म्हणजे पुढचं बघता येईल. एवढं म्हटलं की ते उठून गॅलरीत जातात. आमच्या नणंदबाई एकदा येऊन सांगून गेल्या, 'वहिनी, त्याला हिंमत द्यायची सोडून तुम्ही हे काय बोलता?' हिंमत द्यायला काय जातंय. खांदा कोण देणार?

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या बहिणीकडचं आमचं काम त्यांनी पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला खऱ्या दगडाच्या फरश्या लावायच्या होत्या, ओट्याच्या वर, लांबीला आठ फूट. 'मिस्त्री, तुमच्याच हातचं पाहिजे हं,' असं त्या म्हणाल्या, मी जवळच होते, मला ऐकू आलं. मिस्त्रींनी लगेच हो म्हणून टाकलं.

'लावणार कोण?' मी विचारलं.

'तू लावशील. मी आहे ना बसलेला.'

'आणि बाईंना काय सांगायचं?'

'बाईंना काय करायचंय? त्यांना भिंत झाल्याशी मतलब.'

मी चार वाक्यं बोलणार होते, पण गिळली. कारण मला लावता येतं. न येऊन सांगते कुणाला? बावीस वर्षं त्या हातांकडे बघतेय. आधी दोन लहान कामं मी उरकली होती, एक मोरी आणि एका दुकानातलं बेसिन, पण ती भट्टीतल्या फरशीची. भट्टीतली फरशी म्हणजे एकसारखी, एक फुटली तर दुसरी आणता येते. दगडाचं तसं नाही. तरी मी मनाशी ठरवलं की हे एक स्वयंपाकघर सरळ उतरलं तर पुढची कामं घेता येतील. नाही उतरलं तर दोघांनी घरी बसायचं, समोरासमोर, एकमेकांची तोंडं बघत. 

तेव्हापासून आमचं नाटक सुरू झालं. बाई सकाळी आठला दवाखान्यात जायच्या, दीडला जेवायला यायच्या, पुन्हा तीनला जायच्या. बाई घरात असल्या की मिस्त्री भिंतीशी उभे, डाव्या हातात थापी, चेहरा असा की आता लावणारच. मी बादलीवर. दाराचं कुलूप उघडायचा आवाज आला की त्यांनी उठायचं, मी थापी त्यांच्या हातात द्यायची आणि बादलीवर बसायचं. बाई गेल्या की पुन्हा उलट. जुन्या फरश्या काढण्यात आणि भिंत सारखी करण्यात पहिले दोन दिवस गेले, त्यात माझ्या एवढ्या उठबशा झाल्या की शाळेत कधी काढल्या नव्हत्या. गुडघे बोलायला लागले. मिस्त्री म्हणाले, 'तुझ्या गुडघ्यांचाच आवाज आधी येतो, कुलपाचा नंतर.' मला हसू आलं नाही.

दगड मात्र सुरेख होता. फिकट, मध पाण्यात घातल्यासारखा, आणि प्रत्येक तुकड्यात वेगळी रेघ. बाईंनी स्वतः वखारीत जाऊन एकाच ठोकळ्यातून कापलेला माल निवडला होता. तो ठोकळा संपला होता. पाच फरश्या जास्तीच्या आणल्या होत्या, सहावी मिळणार नव्हती. असा दगड लावायचा म्हणजे आधी सगळी खोकी फोडायची आणि फरश्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडून बघायच्या, गडद कुठली, फिकी कुठली, कुणाच्या शेजारी कोण बरं दिसतंय. लग्नाच्या पंगतीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही हे बघतात ना, तसं. ते मिस्त्रींनी केलं. बसून, पायाने फरश्या सरकवत, अर्धा दिवस. त्यांचा डोळा अजून तसाच आहे. मी मागे खडूने आकडे घातले.

तिसऱ्या दिवशी लावायला सुरुवात. बाईंचा ओटा जुना, एका बाजूला झुकलेला, म्हणून पहिली ओळ ओट्यावर टेकवता येत नव्हती. अशा वेळी भिंतीवर लाकडाची लांब पट्टी आडवी ठोकायची, ती अगदी समतल करायची आणि तिच्यावर फरश्या बसवायच्या. पट्टी सरळ तर भिंत सरळ. पट्टी वाकडी असेल तर मग कितीही छान लावा, उपयोग नाही.

मी पट्टी ठोकली. खिडकी डावीकडे, मी खिडकीशी. मिस्त्री उजवीकडे घमेल्यापाशी. पट्टी कमरेच्या उंचीला होती, तिथवर त्यांचा हात पोचत होता. त्यांनी डाव्या हाताने लेव्हल पट्टीवर ठेवली, मान वाकडी करून काचेतल्या बुडबुड्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'तुझ्याकडे दोन सूत उतरलंय. उचल.'

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्रींच्या टेपवर मिलिमीटर आहेत, तोंडात मात्र अजून सूत आहे. एवढं सांगून ते अर्धी बादली पाणी आणायला न्हाणीघरात गेले. एका हाताने अर्धीच आणता येते.

मी माझ्याकडचा खिळा काढला, पट्टी दोन सूत वर घेतली आणि खिळा पुन्हा ठोकला. लेव्हल तिथेच ओट्यावर पडली होती. ती उचलून मी एकदा ठेवायला हवी होती. पण लेव्हल बघणं हे बावीस वर्षं मिस्त्रींचं काम, त्यांनी सांगितलं म्हणजे झालं. मी हात लावला नाही.

मिस्त्रींनी दगड चिकटवायचं पांढरं केमिकल डाव्या हाताने कालवून दिलं आणि मी लावायला लागले. दगडाची पाठ ओल्या स्पंजने पुसायची, भिंतीवर केमिकल ओढायचं, दगडाच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा, मग टेकवायचा, दाबायचा आणि रबरी हातोडीने हळू ठोकायचं. एकेक फरशी फूटभर आणि वजनाला चांगली. चौथ्या फरशीला माझा दंड भरून आला. मिस्त्रींनी दुखण्याची गोळी घेतली. ती घेतली की त्यांना झापड येते. बसल्या जागी, भिंतीला डोकं टेकून, त्यांचा डोळा लागला.

खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. मागून कुणी बोलत नव्हतं. फरशी घ्यायची, आकडा बघायचा, लावायची. रेघ रेघेला मिळत होती. दंड दुखत होता, कंबर दुखत होती आणि मला छान वाटत होतं. एवढी वर्षं हे सगळं यांनी एकट्याने ठेवून घेतलं होतं की काय, असं मनात आलं. पहिल्या ओळीच्या आठ झाल्या. दुसऱ्या ओळीच्या आठ झाल्या. पाऊण वाजला होता. मी पाणी प्यायला मागे दारापर्यंत गेले आणि तिथून वळून भिंतीकडे बघितलं.

फरश्यांची वरची कड खिडकीच्या चौकटीखालून जात होती. खिडकीच्या एका टोकाला मध्ये नखही गेलं नसतं, आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल गेली असती. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, लेव्हल उचलली आणि ओळीवर धरली. बुडबुडा पार कोपऱ्यात जाऊन बसला होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

'मिस्त्री,' मी म्हटलं, 'उठा. ओळ गेलीय.'

त्यांनी डोळे उघडले. झोपेतला माणूस 'काय' म्हणतो, हे म्हणाले, 'किती?'

'चार सूत.'

ते उठले, माझ्या हातातून लेव्हल घेतली आणि बघितली. पट्टीवर ठेवून बघितली. मग खिडकीकडच्या खिळ्याकडे बघितलं.

'हा कशाला हलवलास? तुला तुझ्याकडे उचल म्हटलं होतं.'

'माझ्याकडेच उचललं.'

'कुठे तुझ्याकडे? तुझ्याकडे म्हणजे इकडे.' त्यांनी डाव्या हाताने बादलीवर थाप मारली. 'ही तुझी बाजू. कधीपासून सांगायला लागतंय तुला?'

'तिथे तुम्ही बसलाय,' मी म्हटलं.

ते थांबले. हात तसाच बादलीवर.

'मी बसलोय म्हणून काय झालं? जागा तुझी आहे.'

'होती,' मी म्हटलं. मला म्हणायचं नव्हतं ते. तोंडातून गेलं.

बादलीकडचं टोक दोन सूत खाली होतं. ते उचलायचं सोडून मी खिडकीकडचं दोन सूत वर नेलं होतं, म्हणजे चूक दुप्पट झाली होती. दोघांनी आपापल्या परीने बरोबरच केलं होतं. दुसरं कुणी असतं तर उजवीकडे म्हणालं असतं आणि काम झालं असतं. आम्हीच शहाणे.

मिस्त्रींनी लेव्हल ओट्यावर ठेवली. मग हळू म्हणाले, 'राहू दे.'

'काय राहू दे?'

'वर कपाट येणार. खाली डबे येतील, मिक्सर येईल. कोण बघतंय खिडकीत डोकं घालून. सांधा भरताना जरा सांभाळून घे.'

मला खरोखर भीती वाटली, ती तेव्हा. ओळ गेली तेव्हा नव्हती वाटली. या माणसाने एकदा एका न्हाणीघराची पुरी भिंत एका सुतासाठी उतरवली होती. मालक म्हणत होता असू दे, मी म्हणत होते असू दे, आणि हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, का तर मी 'असू दे' म्हटलं. तोच माणूस आता अर्ध्या इंचाला राहू दे म्हणत होता.

'अर्धा इंच आहे, मिस्त्री.'

'मला कळतंय किती आहे ते.' आवाज चढला नाही. दमलेला होता. 'दीडला बाई येतील. भिंत उघडी दिसली की विचारतील. विचारलं की सगळंच निघेल. हात बघतील. मग हे काम गेलं, आणि यांच्या ओळखीची चार कामं गेली. त्यापेक्षा राहू दे.'

म्हणजे भिंत वाकडी चालेल, पण हात कळायला नको. मी भिंतीला हात लावून बघितला. दुसरी ओळ अजून ओली होती, पहिली धरत आली होती. आत्ता काढल्या तर निघतील. जेवणं होऊन बाई जाईपर्यंत थांबले तर तुकड्यांनी निघतील, आणि जास्तीच्या पाचच. विचार करायला फार काही नव्हतं, पण मी तो केला, कारण मला काढायच्या नव्हत्या. सोळा फरश्या लावल्या होत्या मी. दंड दुखून ठणकत होता. त्यांनी 'राहू दे' म्हटलं होतं आणि बावीस वर्षं मी त्यांचं ऐकत आले होते. आजही ऐकलं असतं तर कुणी मला नावं ठेवली नसती.

मी पिशवीतून पत्र्याची पत्ती काढली आणि शेवटच्या फरशीच्या मागे घातली.

'अगं,' मिस्त्री म्हणाले.

'तुम्ही बसा.'

पहिली निघाली. दुसरी निघाली. केमिकल सुटताना चप्प असा आवाज होतो, चिखलातून पाय काढल्यासारखा. वरची ओळ अख्खी उतरली, आठच्या आठ. मी त्या ओट्यावर उभ्या करून ठेवत होते. काढलेल्या दगडाची पाठ लगेच खरवडून धुवावी लागते, नाहीतर केमिकल वाळून दगड कायमचा जाड होतो. ते काम नेहमी माझं. ते कुणी करायचं हे माझ्या डोक्यात आलं, पण मला दोनच हात, आणि दोन्ही भिंतीत अडकलेले.

खालच्या ओळीची दुसरी फरशी काढताना मधोमध फुटली. मी तशीच उभी राहिले. हातात एक अर्धुक, दुसरं भिंतीला. तेवढ्यात मागे पाण्याचा आवाज आला. वळून बघितलं तर मिस्त्री न्हाणीघराच्या दाराशी बसले होते, फरशी पोटाशी धरून, डाव्या हाताने तिची पाठ खरवडत. उजव्या हाताने नुसती टेकवून धरलेली. एक धुऊन झाली की भिंतीला लावून ठेवायचे, खडूचा आकडा पुन्हा घालायचे आणि पुढची घ्यायचे.  

तीन फुटल्या. तेरा वाचल्या. शेवटची काढत होते आणि कुलपात किल्ली फिरली.

'बाई आल्या,' मी म्हटलं आणि पत्ती त्यांच्यापुढे धरली. सवयीने. नाटकातली माझी वेळ झाली होती.

त्यांनी पत्तीकडे बघितलं. पोटाशी ओला दगड होता. घेतली नाही.

डॉक्टरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पर्स खांद्यावर, हातात चपला. उघडी भिंत बघितली, जमिनीवरचे तुकडे बघितले. आवाज चढवणाऱ्या बाई नाहीत त्या, दिवसभर लोकांच्या तोंडात बघून बघून थकलेला चेहरा असतो त्यांचा.

'दगड फुटले,' त्या म्हणाल्या. 'मिस्त्री, काय झालं?'

'मिस्त्रींना विचारा,' आमचे मिस्त्री म्हणाले.

बाईंना कळलं नाही. मलाही आधी कळलं नाही.

'त्या मिस्त्री,' त्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. 'मी कालवून देतो. माझा हात वर जात नाही, वर्ष होत आलं. आता जायचाही नाही.'

अकरा महिने मी हे ऐकायला थांबले होते. घरात नाही म्हणाले, रात्री उशाशी बसून विचारलं तेव्हा नाही म्हणाले, आणि म्हणाले ते एका परक्या बाईसमोर, न्हाणीघराच्या उंबऱ्यात बसून. मला त्यांचा राग आला. आणि लगेच जाऊन त्यांच्याजवळ बसावंसंही वाटलं. पण बाई आता माझ्याकडे बघत होत्या आणि उत्तर मला द्यायचं होतं.

'ओळ अर्धा इंच वाकडी गेली होती,' मी म्हटलं. 'चूक माझी. लेव्हल बघितली नाही. म्हणून उतरवली. तीन फुटल्या. जास्तीच्या पाच आहेत, म्हणजे अजून दोन हातात. पुन्हा लावते.'

'मला दिसलं असतं का ते?'

'आज नसतं दिसलं. चार दिवसांनी इथे भाजी चिरताना दिसलं असतं. मग रोज दिसलं असतं.'

बाईंनी मिस्त्रींकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, मग भिंतीकडे. मी मनात म्हणत होते, बाई, काय ते एकदाच सांगा. जा म्हणालात तर जाते, निदान बसायला तरी मिळेल.

'तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं,' त्या म्हणाल्या.

'हो,' मी म्हटलं. यावर दुसरं काय म्हणणार.

'हात कुणाचा का असेना. मला सरळ पाहिजे. संध्याकाळी आल्यावर मी स्वतः ती लेव्हल लावून बघणार आहे. कशी बघतात ते तेवढं शिकवा.'

मग त्यांनी बाहेरच्या खोलीत, आमच्या फरश्यांच्या मांडणीतून वाट काढत, कडेच्या खुर्चीवर बसून डबा खाल्ला आणि अडीचलाच निघून गेल्या. जाताना दार नेहमीपेक्षा जोरात लागलं की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

आम्ही जेवलो नाही. मी भिंतीवरचं उरलेलं केमिकल खरवडून काढलं. मला आनंद वगैरे झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नव्हतं. मला मिस्त्री कुठे व्हायचं होतं? त्या घटकेला मला माझी बादली हवी होती. तिच्यावर बसून, भिंतीशी यांची पाठ बघत, 'कालव' ऐकायचं होतं. यांच्या सदऱ्याला उजव्या खांद्याशी घामाचा डाग पडायचा, तो आता पडत नाही. हे सगळं मनात आलं आणि डोळे भरले. हाताला केमिकल होतं म्हणून पुसता आले नाहीत. मिस्त्रींनी बघितलं, पण 'दमलीस का गं' विचारलं नाही. बरं झालं. विचारलं असतं तर मी खाली बसले असते आणि मग उठले नसते.

मी पट्टीचा खिडकीकडचा खिळा काढला आणि ते टोक सकाळी होतं तिथे खाली आणून पुन्हा ठोकलं. मिस्त्री आले. डाव्या हाताने लेव्हल पट्टीवर ठेवली, मान वाकडी केली. सकाळचेच दोन सूत, दोघांनाही ठाऊक होतं कुठे आहेत ते. पण ते बघत राहिले. बुडबुडा केव्हाच थांबला होता.

'माझ्याकडे,' ते म्हणाले. 'माझ्याकडे दोन सूत उतरलंय.'

मी हातोडी घेऊन खिडकीशी उभी होते. बावीस वर्षं 'माझ्याकडे' म्हणजे ही बाजू. माझा हात खिळ्याकडे गेलासुद्धा. मग मी त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत नव्हते. बादली पायाने थोडी बाजूला सरकवून ते तिच्याशेजारी गुडघ्यावर बसत होते.

'तू तुझ्याकडे घट्ट धर,' ते म्हणाले. 'मी इथलं उचलतो.'

मी हातोडी त्यांना दिली आणि खिडकीकडचं टोक धरलं. त्यांनी डाव्या हाताने खिळा ओढला. पहिल्यांदा सुटला नाही, दुसऱ्यांदा सुटला. खांद्याने पट्टी वर रेटली, दुखऱ्याच, आणि दातात धरलेला खिळा घेऊन ठोकला. दोन घाव चुकले, तिसरा बसला. मी मध्ये पडले नाही.

मग त्यांनी लेव्हल उचलून माझ्यापुढे धरली. मी ती पट्टीवर ठेवली आणि स्वतः बघितली. बुडबुडा थोडा हलला आणि मधोमध थांबला. मी उलटी करून पुन्हा ठेवली. मधोमध.

मिस्त्री बादलीवर बसले होते. घमेलं पुढे ओढलं होतं, पाण्याचा मग हातात होता आणि ते माझ्याकडे बघत थांबले होते. कशासाठी थांबलेत हे मला जरा उशिराच कळलं.

'कालवा,' मी म्हटलं.